टाकीतल्या जित्राबांचा पोळा

हॅलो? … हॅलो, गोटीरामभाऊंचं किराणा दुकान ना? … हां, नमस्कार! लागला बाई एकदाचा. मी भाग्यश्री बोलतेय, दिंडोरी रोडच्या वायनरीतून. … वायनरी हो. वाइनची कंपनी. … नाही, नाही, तुमच्या दुकानात काही ठेवायला नाही सांगत मी! मला लहानूकाकांशी बोलायचंय. त्यांनी कंपनीत तुमचाच नंबर दिलाय. समोर राहतात ना? … हो, आमच्याकडेच कामाला. … अहो, रोज लावत होते मी! नुसतं टूं टूं. … लाइन गेली होती? पावसानं? आणि आज सकाळी सुरू झाली? … बघा, आज सगळंच सुटतंय. … ते जाऊ द्या, सांगते नंतर. काका घरीच आहेत ना? … बरं. … दार लोटून? … पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून? … आणि जेवणाखाणाचं? … अहो, नुसत्या चहावर कसा राहील माणूस! … मग असं करा, नवसाकाकूंना बोलवा. … दुकानातूनच हाक मारा की, समोरच आहे म्हणता. … थांबते, थांबते. तुम्ही गिऱ्हाईक बघा आधी. … द्या त्यांना साबुदाणा. मी धरलाय फोन.

…

हॅलो? काकू? … मी भाग्यश्री. काकांच्या कंपनीतली. … हो, तीच म्याडम. … नाही हो काकू, कुणीही येत नाहीये त्यांना धरायला! … पोलीस कशाला येतील? … कोण म्हणालं असं? … काका? काय म्हणाले नेमकं? … "माझ्या हातनं हत्या झाली"? … एवढंच? पुढं काहीच नाही? … अरे देवा! आणि तुम्ही इतके दिवस हे पोटात ठेवून… अहो, माणूस नाही मेला कुणी! … खरंच नाही. देवाशपथ. … सगळे धडधाकट आहेत. वॉचमन, माळी, साहेब, सगळे. मी तर बोलतेच आहे तुमच्याशी. … आता रडू नका ना. … काकू… अहो… गोटीरामभाऊ! काकूंना स्टूल द्या हो बसायला! … बसलात? घोटभर पाणी प्या. … प्या सावकाश. मी आहे इथंच.

हं. आता ऐका. आधी शेवट सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. आज सकाळी पाणी आलं. … नळाचं नाही हो, आमच्या सांडपाण्याच्या टाकीचं. स्वच्छ, नितळ. आणि टाकीतलं कुणीही मेलेलं नाही. म्हणजे मेले असतील थोडेफार, पण बाकीचे आहेत. भरपूर आहेत. … कोण म्हणजे काय, जिवाणू! काका घरी बोलत नाहीत का त्यांच्याबद्दल? … हां, हां, तीच! टाकीतली जित्राबं. … रोज? जेवताना? … मला वाटायचं फक्त आमच्यासमोरच म्हणतात तसं! … "आज माझी जित्राबं खूश व्हती" म्हणून दोन घास जास्त खायचे? … खरं की काय!

नाही, थांबा, नीट सांगते. म्हणजे काकांनी काय केलं ते कळेल तुम्हाला. कसंय, द्राक्षं गाळली, पिंपं धुतली, फरश्या धुतल्या की ते सगळं गोडूस-आंबूस पाणी आमच्या मोठ्या टाकीत येतं. तसंच ओढ्याला सोडलं तर ओढा नासेल. म्हणून टाकीत जिवाणू आहेत. विरजणात असतात ना, त्यांचेच भाऊबंद म्हणा. ते घाण खातात. … हो, घाणच खातात, आवडीनं. फक्त त्यांना श्वास लागतो. म्हणून खालून सारखी हवा सोडायची, त्याला ब्लोअर असतो. … तेच, काका म्हणतात ते घुं घुं करणारं. …

मग ते पाणी गाळून घ्यायचं मेंब्रेनमधून. … मेंब्रेन म्हणजे… उन्हाळ्यात तुम्ही काठीवर शेवया वाळत घालता की नाही? तशाच दिसतात. पांढऱ्या, लांब, झुपक्यानं लोंबणाऱ्या. पण आतून पोकळ. पंप आतून पाणी ओढतो. पाणी तेवढं आत येतं, जिवाणू आणि घाण बाहेर राहते. इतकी बारीक भोकं असतात. … छे, डोळ्यांना कुठली दिसतात! … हो, परदेशातून येतात त्या. म्हणून तर मी एवढी घाबरले.

बरं, आता मला एक सांगा. पोळ्याला पुरण किती घातलंत तुम्ही? … पायलीभर डाळीचं? … आणि गुळवणी? … कळशीभर! … तूपसुद्धा? साजूक? वरून ओतलंत? … तरीच तो तवंग! … सांगते, सांगते. काका काय म्हणाले, कुणासाठी हवंय? … "कंपनीत पोळा करायचाय." बरोबर आहे. केला की! … आणि संध्याकाळी काय सांगितलं? … सगळी जेवली? पोट फुटेस्तोवर? … खोटं नाही बोलले हो काकू. जेवली. पण माळी नाही जेवला, वॉचमन नाही जेवला, साहेब तर मुंबईलाच होते. …

… हो.

… हो काकू, टाकीत. … सगळं. … गुळवणीसुद्धा. … काकू? … हॅलो? … हसताय की रडताय? मला कळत नाहीये इथून. … हसताय ना? … हसा, हसा. इतक्या दिवसांचं साठलंय.

नाही हो, खुळे नाही झाले ते. असं म्हणू नका. ऐका ना… मी आता एवढ्या दिवसांत सगळं जुळवलंय. आमचा हंगाम असतो पाडव्यापर्यंत. तेव्हा टाकीत इतकं येतं, की जिवाणूंना खाऊन खाऊन उसंत नाही. मग कंपनी शांत. सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा, टाकीत येतं काय तर फरशी पुसलेलं पाणी. उपाशी मरू नयेत म्हणून मीच सांगितलं होतं, थोडं गुळाचं पाणी घालत जा. घालायचे. पण मनाला लागलं होतं त्यांच्या. येता-जाता मला ऐकवायचे, "म्याडम, हंगामात राबराब राबली आन् आता नुसत्या गुळाच्या पाण्यावर ठिवलीत. गोठ्यात आसं केलं तर गाव थुकंल आपल्यावर." मी आपली हसायचे. मला काय कल्पना, यांच्या डोक्यात काय शिजतंय!

आणि पोळ्याला मी नेमकी पिंपळगावला, बहिणीकडे. काका एकटे. पुढचं वॉचमननं सांगितलं. सकाळी आले ते नवा सदरा घालून. … हो? तुम्हीच काढून दिला होता? … ब्लोअर धुऊन-पुसून घेतला. गेरूचे ठिपके दिले दोन्ही अंगांना. मोटरीला बेगड चिकटवली. झेंडूची माळ घातली. ओवाळलं, हात जोडले. आणि मग… मला सांगा, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवता का तुम्ही? … नाही ना? जीभ चावाल! तेच केलं त्यांनी. ब्लोअर बंद केला. वॉचमनला म्हणाले, "आज राबायचं नाय. आज फकस्त जेवायचं."

अहो, बुडबुडे म्हणजे त्यांचा श्वास! काकांना वाटलं, बुडबुडे सुटले की ती पळतात, राबतात. बंद केलं की निवांत जेवतील. … माहीत होतं हो त्यांना, हवा लागते म्हणून. मीच सांगितलेलं. पण सणाच्या दिवशी मन कुठं ऐकतं? एका दिवसानं काय होतंय, असं वाटलं असेल. झालं काय, तर नाकतोंड दाबून पुरणपोळी भरवल्यासारखं झालं. … नाही, तुमच्या पुरणाला नावं नाही ठेवत मी! पुरण उत्तमच असणार. … जायफळ घालता ना तुम्ही? … अहो, मला कसं कळलं ते ऐका की!

मी दुसऱ्या दिवशी दुपारी आले. टाकीपाशी गेले तर जायफळाचा वास. सांडपाण्याच्या टाकीला जायफळ! मला वाटलं, सणाचं जेवण अजून माझ्याच नाकात बसलंय. मग जाळीवर बघते तर डाळीचे कण. वर तुपाचा तवंग, काळपट फेस. आणि ती मेंब्रेनं… काय सांगू काकू. हात लावला तर बुळबुळीत. भेंडी चिरल्यावर सुटते ना, तसली तार. जिवाणू गुदमरले, त्यात एवढं खाणं अंगावर आलं, की ते असली चिकट लाळ सोडतात. ती लाळ, तूप, डाळ, सगळं त्या शेवयांवर जाऊन बसलं. भोकं बंद. आणि पंप आपला आपोआप चालू. ओढतोय, ओढतोय, दाबाचा काटा चढतोय, नळाला थेंब नाही.

… काका? ते सकाळीच येऊन गेले होते. माळ काढायला आले असतील. टाकीची दशा बघितली, ब्लोअर लावला, पंप बंद-चालू करून बघितला. वॉचमन म्हणतो, बराच वेळ कठडा धरून नुसते उभे होते. मग किल्ल्या आणि ओळखपत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि कुणाशी न बोलता गेले. … हो, तसेच आले ते तुमच्याकडं. आणि येऊन हे "हत्या" म्हणून बसले. सांगायचं तरी धड!

… साहेब? तापले की. का नाही तापणार? ललितसाहेब म्हणजे… मी आत गेले तर हातात फोन, आवाज चढलेला. "कुणी केलं हे? बोलवा त्याला, आत्ता!" मी म्हटलं, साहेब, पोळा होता. म्हणे, "मग?" मी म्हटलं, टाकीला पुरण घातलं. … फोन ठेवला. टाकीपाशी आले, ब्लोअरची माळ बघितली, गेरूचे ठिपके बघितले. आणि मला म्हणतात, "शिंगं राहिली की याची रंगवायची." … खरंच! पायरीवर बसून डोळे पुसून पुसून हसले. त्यांच्या वडिलांचीही बैलजोडी होती ना.

… मी? मी नाही हसले तेव्हा. रागावले होते, खोटं कशाला बोलू. मेंब्रेनं गेली असती तर नवी येईपर्यंत टाकी बंद, आणि टाकी बंद म्हणजे काका परत आले तरी कशापाशी येणार होते? … तेच ना. तेच डोक्यात. पण ती माळ काही काढवेना मला. अजून तशीच आहे. वाळली आता.

हो, हो, टाकी सुटली कशी ते सांगतेय ना… शेवया बाहेर काढल्या. हलक्या हातानं पाणी मारलं. जोरात मारलं तर तुटतात. मग पांढऱ्या कपड्यांना वापरतात ना ब्लीच, तसल्या पाण्यात भिजत घातल्या. निघाल्या की शुभ्र! मी खूश. परत सोडल्या टाकीत, पंप लावला… संध्याकाळपर्यंत काटा पुन्हा वर! … अहो, शेवया धुतल्या, पण टाकीत लाळ सुटतेच आहे ना! मी रडकुंडीला आले. घरी आले, जेवले नाही. आई म्हणाली, जेवत का नाहीस? मी म्हटलं, पिंपळगावला इतकं खाणं झालंय की अजून लंघनच करावंसं वाटतंय. आणि माझं मलाच हसू आलं. … हो ना! सणाला पोटाला तडस लागेस्तोवर खाल्लं की आपण काय करतो? तेच टाकीला! आमच्या पुस्तकात पण आहे ते, फक्त इतक्या सोप्या शब्दांत नाही.

मग काही म्हणजे काही घातलं नाही टाकीत. गूळ बंद. ओढणारा पंप बंद. नुसती हवा, पूर्ण जोरात. … अहो, उपाशी राहिले की ते आपलीच सोडलेली लाळ खाऊन टाकतात. … किळस काय त्यात, मला तर त्या लाळेवरून जीव ओवाळावासा वाटत होता! काल शेवया पुन्हा भिजवल्या. आज सकाळी सोडल्या. पंप लावला. मी काट्याकडं बघतेय, माळी काट्याकडं बघतोय, साहेब हातात चहा घेऊन काट्याकडं बघतायत. चहा निवला. … नाही चढला! … नाही चढला काकू, जागचा हलला नाही! आणि नळातून असं मनगटाएवढं पाणी… माळ्यानं शिट्टीच मारली.

म्हणून म्हणते, द्या आता काकांना. … तिथंच आहेत? कुठं? … दुकानाच्या पायरीवर? कधीपासून? … तुम्ही हसलात तेव्हा बाहेर आले? बघा! … मग द्या ना फोन. … नाही घेत? … "कोणत्या तोंडानं बोलू"? … त्यांना म्हणावं, साहेबांनी विचारलंय, किल्ल्या टेबलावर ठेवून सुट्टी घ्यायची ही कुठली पद्धत? … हो, असंच विचारलं. आणि टाकीवर पाटी लिहून घेतलीय रंगानं, "नैवेद्य लांबूनच दाखवावा." … खोटं सांगेन का! या आणि बघा म्हणावं. … हसले? … नाही? … मान खालीच?

काकू, असं करा. नाही बोलले तरी चालेल. नुसता कानाला लावा फोन. … वायर पुरत नाही? गोटीरामभाऊंना सांगा, अख्खा फोन उचलून पायरीवर न्या म्हणावं. … ओढा, ओढा. … साबुदाण्याचं पोतं बाजूला करा मग. … पुरली? … लावा.

लहानूकाका? … काका, मी भाग्यश्री. … बोलू नका. ऐका फक्त. … काका, सगळं ठीक आहे हो. … हं? … काय म्हणालात? जरा मोठ्यानं. … घुंगरवाळी?

… आहेत.

… हो काका, आहेत. सकाळीच बघितली मी सूक्ष्मदर्शकाखाली. तुम्हाला दाखवली होती ना, देठावर घंटेसारखी डुलणारी? तीच. … पोळ्यानंतर एकसुद्धा नव्हतं, तुमच्याशी खोटं नाही बोलणार. मला वाटलं, आता संपलं. तुम्हाला माहितीये, ती दिसली तरच टाकी निरोगी. … मग काल एक दिसलं. एकटंच, कोपऱ्यात. तेसुद्धा कसं, आळोखेपिळोखे देत. आणि आज चिक्कार आहेत काका. नाचतायत नुसती. … नाही हो, नाही मारलीत तुम्ही. … नाही म्हटलं ना! … बरं, थांबा. माझ्यावर विश्वास नाही ना? थांबा तसेच. फोन ठेवू नका. मी खाली चाललेय. … जिना उतरतेय. … हॅलो? इथं भिंतीआड रेंज जाते… आहात ना? … हां. आले. आता काही बोलत नाही मी. मोबाइल नळाजवळ धरते. ऐका.

…

…

…

ऐकलंत? … काका? … हॅलो? … लहानूकाका? … हॅलो, कोण? काकू? काका कुठंयत? … गेले? कुठं गेले? … काही बोलले? … नुसता फोन तुमच्या हातात देऊन? … घरात शिरले? … आणि? … पिशवी घेऊन? स्टँडकडं? अहो, इतकी घाई नाही म्हणावं, उद्या आले तरी चालेल… … आता गाडी आहे का कुठली? … वणीची जीप? बरं. … पिशवीत काय नेलंय? … भाकऱ्या? … भाकऱ्या कशाला? … काकू, पळा! पळा, आवाज द्या त्यांना! टाकीला लंघन चालू आहे म्हणावं! एक तुकडा घालायचा नाही आत, एक तुकडासुद्धा…

… काय? … परत सांगा.

… खातायत? … स्वतः? … चालता चालता?

…

नाही, आहे मी. … काही नाही हो. … बरं वाटलं म्हणून रडतेय, दुसरं काही नाही. … खरंच. … नको, आता नका हाक मारू त्यांना. खाऊ द्या पोटभर. … ठेवते काकू. गेटवर सांगून ठेवते.